टीम गडहिंग्लजला चालली, आता आपण कसं जायचं

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती आहे हे सांगत बसत नाही, पण एक गोष्ट खरी आहे, आपल्याला बाहेरगावी जाऊन मॅच बघायची सवयच नाही. कारण साधं आहे. केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग १६ टीमची आणि सगळ्याच्या सगळ्या मॅचेस शाहू स्टेडियमवर. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस, बालगोपाल, फुलेवाडी, संध्यामठ कुणीही असो, घरचं मैदान तेच आणि बाहेरचं पण तेच. दुपारचं जेवून पेठेतनं चालत निघालं तरी शिट्टीच्या आत पोचतो माणूस. मग टीम निमंत्रित स्पर्धेसाठी गडहिंग्लज, मिरज, बेळगाव, गोवा असं कुठं गेली की कट्ट्यावर नुसती चर्चा होते, जायाला पाहिजे राव जायाला पाहिजे, आणि प्रत्यक्षात जातात दहा-बारा पोरं, त्यातली निम्मी पोचतात तेव्हा मॅच सुरू होऊन एक गोल पण झालेला असतो.

आणि नेमकं तिथंच टीमला आपली खरी गरज असते. इथं शाहूवर गॅलरी आपली, पोरांना त्या आवाजाची सवय लागलेली. बाहेर मैदानात उतरलं की सगळी गॅलरी दुसऱ्याच्या नावानं ओरडत असते, आपला कीपर बॉल धरतो तरी टाळी नाही. अशा वेळी एका कोपऱ्यातनं आपल्या तालमीचं, म्हणजे ज्या पेठेतल्या मंडळाची टीम आहे त्याचं, नाव ऐकू आलं की पोरं मान वर करून बघतात. हे इतक्या वेळा बघितलंय की मला त्यात शंका राहिलेली नाही. म्हणून मी बाहेरगावच्या मॅचचं सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती करतो, शेवटच्या दहा मिनिटांत आपल्या माणसांचा घसा शाबूत पाहिजे. गाडी कोणती, निघायचं कधी, खायचं काय, बसायचं कुठं, सगळं त्यावरनंच ठरतं. पहिल्या वीस मिनिटांत बोंबलून सत्तराव्या मिनिटाला गप्प बसलेली गॅलरी काय कामाची, टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टी किकवर निकाल लागतो तेव्हा, पोरं आपल्याकडंच बघत असतात.

उदाहरणाला गडहिंग्लज घेतो कारण बाहेरगावचा पहिला प्रवास करायला याच्यासारखं गाव नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, फुटबॉलची जुनी परंपरा असलेलं, आणि गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशन तिथं दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय स्पर्धा भरवत आलंय, बाहेरच्या राज्यातल्या टीम पण येतात. दिवाळीची सुट्टी असते, पोरं मोकळी असतात, आपल्याकडचा सिझन नुकताच तोंडावर आलेला असतो, त्यामुळं टीममध्ये नवीन कोण आलाय हे पण आपल्याला तिथंच पहिल्यांदा बघायला मिळतं.

पहिलं काम म्हणजे तारीख आणि वेळ पक्की करणं, आणि हे फॉरवर्ड होत आलेल्या मेसेजवर करायचं नाही. निमंत्रित स्पर्धेत ड्रॉ बदलतो, एखादी लांबची टीम ऐनवेळी येत नाही, दोनची मॅच चारला जाते. टीमच्या मॅनेजरला किंवा प्रशिक्षकाला आदल्या रात्री एक फोन करायचा, आणि तो फोन गल्लीतल्या एकानंच करायचा, सतरा जणांनी नाही, त्या माणसाला टीमची पण गडबड असते. त्याच फोनवर अजून दोन गोष्टी विचारून घ्यायच्या, हाफ किती मिनिटांचा आहे आणि बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम आहे का थेट टायब्रेकर. स्पर्धेस्पर्धेला हे वेगळं असतं, आणि परतीची गाडी किती वाजता काढायची ते यावरच ठरतं.

आता गाडी. इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माणसं मोजायची ती "येतो" म्हणणारी नाही तर वर्गणी दिलेली. साधी शंभर पानी वही घ्या, नाव, पैसे, फोन नंबर, घरच्या एकाचा नंबर, एवढं लिहा. "बघतो रे उद्या सांगतो" म्हणणाऱ्याचं नाव वहीत घालायचं नाही. ज्याच्याकडं खरंच पैसे नाहीत अशी शाळा-कॉलेजची पोरं असतात, त्यांचं तालमीतल्या मोठ्या माणसांनी वाटून घ्यावं, आणि ते पोराला कळू पण देऊ नये. वीस वर्षांनी तेच पोर दुसऱ्या कुणाचं तरी तिकीट काढतं, आपल्या तालमी अशाच चालत आल्यात.

बारा-तेरा जण असतील तर ट्रॅक्स किंवा क्रूझर, सतराच्या आसपास असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर, आणि चाळीसच्या वर गेले तर सरळ बस. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते हे खरं, पण भाड्यानं माणसं भरून नेताना काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. आणि गडहिंग्लज महाराष्ट्रात असलं तरी नेहमीचा रस्ता निपाणी-संकेश्वरवरनं कर्नाटकातनं जातो, त्यामुळं ड्रायव्हरला आधीच विचारा की बाबा कर्नाटकात जायचं परमिट आहे का. नसलं आणि आरटीओनं अडवलं की तिथंच तास गेला, दंड वेगळा, आणि दंडाची वर्गणी गोळा करताना जी भांडणं होतात ती मॅचपेक्षा मोठी असतात.

चौघं-पाच जणच असाल तर सीबीएसवरनं, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरनं, एसटी बरी. पण परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते गडहिंग्लज स्टँडवर उतरल्या उतरल्या कंट्रोलरला विचारून ठेवा, मॅच संपल्यावर नाही. शेवटची गाडी चुकली तर वडापवर, म्हणजे सीट भरून नेणाऱ्या खासगी जीपवर, जायची वेळ येते आणि रात्री वडाप भरेपर्यंत हलत नाही.

टू-व्हीलरवरनं जायचं नाही. हे मी कळकळीनं सांगतोय. जाताना झेंडे लावून, हॉर्न वाजवत, ट्रिपल सीट जायला मजा वाटते, समजतो मी, पण येतानाचा विचार करा. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू होतात आणि कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज हा सगळा ऊसपट्टा. रात्री रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं भरलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरनं ट्रकचा फोकस डोळ्यावर आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही, एकदम दहा फुटांवर आल्यावर काळी भिंत उभी राहिल्यासारखी दिसते. दमलेलं पोर, घसा बसलेला, डोकं मॅचमध्ये, अशा अवस्थेत सत्तरेक किलोमीटर गाडी चालवणं नको. चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण सगळ्यांनी एका गाडीत बसून जायचं.

रस्ता म्हणाल तर कोल्हापुरातनं कागल, मग कोगनोळी टोल नाका, निपाणी, तवंदी घाट, आणि संकेश्वरजवळनं हायवे सोडून गडहिंग्लज. दोन तास धरा, आणि हायवेचं काम जिथं जिथं चालू आहे तिथला अर्धा तास वर धरा. अजून एक आपल्या भागातली गोष्ट, दिवाळी कधी कधी १ नोव्हेंबरच्या आसपास येते. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव आणि सीमाभागातली मराठी माणसं काळा दिन पाळतात, त्यामुळं निपाणी-संकेश्वर बाजूला बंदोबस्त असतो आणि वातावरण तापलं तर एसटी पण पुढं जात नाहीत. अशा वेळी झेंडे आणि घोषणा गाडीच्या आत, सीमेपलीकडं जाताना कुणालाही चुकीचा अर्थ लावायची संधी द्यायची नाही, आपण मॅचला चाललोय. फारच ताणलेलं असेल तर कागलमधनं मुरगूडच्या बाजूनं महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाता येतं, वळणं जास्त, वेळ जास्त, पण अडकून पडत नाही.

चारची मॅच असेल तर कोल्हापुरातनं अकराला निघा. लवकर वाटतंय ना, पण अकरा म्हणजे गाडी तालमीसमोरनं साडेअकराला हलते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दीड-दोनपर्यंत गडहिंग्लजमध्ये असलं की जेवण शांतपणे होतं, आणि दोनची आधीची मॅच बघायला मिळते. ती मॅच जरूर बघा, त्यातला जिंकणारा बऱ्याचदा आपल्या पुढच्या फेरीत येतो, आणि मैदान कुठं उसळतंय, कुठल्या कोपऱ्यात बॉल अडतोय ते आपल्याला आधी कळतं. वॉर्मअपला आलेल्या आपल्या बॅकला कुंपणाजवळनं "डावीकडनं बॉल उडतोय रे" एवढं सांगितलं तरी उपयोग होतो, ते पण त्यानं विचारलं तर.

खायचं काय. सकाळी निघताना मिसळ नको. मला पण मिसळ आवडते, पण कट पिऊन दोन तास गाडीत आणि मग दोन तास ओरडणं म्हणजे घशाची आणि पोटाची वाट. घरनं पोळी-भाजी खाऊन निघा, वाटेत चहा, दुपारी गडहिंग्लजमध्ये साधं ताट. तांबडा-पांढरा येताना, जिंकलो तरी आणि हरलो तरी. बरोबर भडंगाचं एक मोठं पोतं, शेंगदाणे आणि गूळ. गूळ तर घ्याच, हाफटाइमला गुळाचा खडा आणि दोन घोट पाणी, घसा परत चालू होतो, गार कोल्ड्रिंकनं उलटं होतं. वीस लिटरचा पाण्याचा जार गाडीत टाका, पण काचेची बाटली एक पण आत न्यायची नाही, गेटवर अडवणार आणि अडवलंच पाहिजे.

दारूचा विषय वेगळा लिहितोय कारण त्यावर तडजोड नाही. गाडीत दारू नाही, वाटेत थांबून नाही, मैदानाबाहेर नाही. ज्याला जमत नाही त्याची वर्गणी परत द्या आणि घरी थांबवा, भले तो तालमीतला कितीही जुना असू दे. बाहेरगावी एक पिलेला माणूस सगळ्या पेठेचं नाव घालवतो. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव येत नाही, तालमीचं येतं.

आता वाजवायचं सामान, माझा आवडता भाग. ढोल न्यायचा असला तर एकच, आणि तो पण आयोजकांना आधी विचारून, शाळेचं मैदान आहे, आजूबाजूला घरं आहेत. पण हलगी आणि घुमकं असल्याशिवाय जायचं नाही. चार हलग्या नीट वाजणाऱ्या असल्या की पन्नास माणसं पाचशे वाटतात. मात्र कातडी हलगी असेल तर ती तापवावी लागते हे नवीन पोरांना कुणी सांगत नाही. प्रवासात, सकाळच्या दवात कातडं सैल पडतं आणि मग नुसता भद भद आवाज येतो. मैदानाच्या बाहेर मोकळ्या जागेत चार वर्तमानपत्रं पेटवायची, हलगी जाळावरनं फिरवायची, एका जागी धरायची नाही नाहीतर कातडं जळतं, आणि मधनं मधनं बोटाच्या टोकानं टिचकी मारून बघायची. आधी आवाज बसका येतो, मग हळूहळू वर चढतो, आणि एका क्षणी असा टण्ण वाजतो की शेजारचा माणूस वळून बघतो, तिथं थांबायचं. एवढी तापलेली हलगी थंडीत एक हाफ टिकते. म्हणून हाफटाइमला एकानं दोन हलग्या घेऊन बाहेर जाऊन परत तापवून आणायच्या, गेटवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवायचं म्हणजे परत आत सोडताना वाद नको. आत गॅलरीत जाळ करायचा नाही. फायबरची हलगी असेल तर ही भानगड नाही, पण कातड्याचा तो आवाज फायबरला येत नाही, माझं तरी तसं मत आहे.

फटाके, सुतळी बॉम्ब, धुराचे डबे नकोत. दिवाळी असली तरी नकोत. झेंड्याची काठी लोखंडी नको, बांबू पण जाड नको, प्लास्टिकची पाइप चालते आणि पोलिसांना पण त्यावर काही म्हणायचं नसतं.

मैदानात कुठं बसायचं ह्याला मी फार महत्त्व देतो. नोव्हेंबरात चारच्या मॅचला ऊन पश्चिमेकडनं सरळ डोळ्यात येतं, तेव्हा पाठ पश्चिमेला करून बसा, नाहीतर अख्खा पहिला हाफ हात कपाळावर धरून बघावा लागतो आणि हात कपाळावर असले की टाळ्या कोण वाजवणार. सगळ्यांनी एकाच ठिकाणी बसायचं, चार इकडं आणि सहा तिकडं असं बसलात तर वाजवलेलं काही ऐकू जात नाही. जमलं तर आपल्या टीमच्या डगआउटच्या बाजूला, कारण बदली म्हणून बसलेली पोरं असतात ना, त्यांना पण बरं वाटतं, आणि कुणाला क्रॅम्प आला की आपल्याकडचं पाणी पटकन पोचवता येतं. तिकीट असेल तर रांगेत उभं राहून तिकीट काढा. "आम्ही टीमबरोबर आलोय" म्हणून गेटवर हुज्जत घालायची नाही, त्या गेटच्या पैशावरच पुढच्या वर्षीची स्पर्धा होते.

बरोबर बायका-मुली असतील, आणि असाव्यातच, आपल्या पोरी पण आता चांगल्या खेळतात, २०१९ मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग लुधियानाला झाली तेव्हा एफसी कोल्हापूर सिटीची टीम तिथं खेळली होती, तर त्यांच्यासाठी टॉयलेट कुठं आहे हे मैदानात शिरल्या शिरल्या बघून ठेवा. शाळा असल्यामुळं आत सोय असते पण सुट्टीत कुलूप असू शकतं, आयोजकांना विचारलं की किल्ली मिळते. आणि गाडीत पुढच्या सीट त्यांना.

ओरडायचं कसं. गंमत वाटेल पण याची पण पद्धत आहे. सुरुवातीला टीम मैदानात आली की एकदा दणकून तालमीचं नाव घ्यायचं आणि "अंबाबाईच्या नावानं चांगभलं". त्याच्या मागोमाग "काळभैरीच्या नावानं चांगभलं" म्हणायचं. काळभैरी हे त्या गावाचं दैवत, बाहेरनं आलेल्या पोरांनी ते नाव घेतलं की समोरची अर्धी गॅलरी पण चांगभलं म्हणते आणि पुढचे दोन तास तुमच्याशी कुणी वाकडं वागत नाही. मनापासून म्हणा मात्र. त्यानंतर पहिली दहा मिनिटं फक्त हलगी, माणसांनी घसा राखायचा. मग कॉर्नर मिळाला, कीपरनं अडवला, कुणी लांबनं पळत येऊन बॉल हिसकावला, अशा वेळी त्या खेळाडूचं नाव घेऊन ओरडायचं. नाव घेऊन ओरडलेलं खेळाडूला ऐकू जातं, नुसता कालवा जात नाही. दोन-तीन पोरांनी आळीपाळीनं आवाज द्यायचा आणि बाकीच्यांनी उचलायचा, म्हणजे एकाचाच घसा बसत नाही. गोल खाल्ला तर त्याच क्षणी हलगी सुरू झाली पाहिजे, हा माझा सगळ्यात पक्का नियम. गोल खाल्ल्यावर जी शांतता पसरते ना ती टीमला फार जड जाते, ती पाच सेकंदांच्या वर राहू द्यायची नाही.

आता जे करायचं नाही ते. शिव्या द्यायच्या नाहीत, रेफ्रीला नाही, लाईनमनला नाही, समोरच्या टीमला नाही. समोरच्या टीममध्ये आफ्रिकेतनं आलेला खेळाडू असतो, आपल्या तालमींकडनं पण ती पोरं खेळतात, त्याच्या रंगावरनं कुणी काही बोललं तर आपल्यातल्याच माणसानं त्याला तिथल्या तिथं गप्प केलं पाहिजे. हुल्लडबाजीमुळं आपल्याच शाहू स्टेडियमवर मॅचेस थांबवायची वेळ आलेली आहे, दोन पेठांच्या भांडणात खेळणाऱ्या पोरांचं नुकसान झालंय, हे सगळं आपण बघितलंय. बाहेरगावी आपण पाहुणे. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहायचं. समोरनं कुणी डिवचलं, आणि डिवचतात, कोल्हापूरची टीम म्हणल्यावर जरा जास्तच डिवचतात, तर हलगी जोरात वाजवायची, एवढंच उत्तर. त्यासाठी निघतानाच दोन मोठी माणसं नेमून ठेवा ज्यांचा शब्द पोरं ऐकतात, भैय्या म्हणा, अण्णा म्हणा, तालमीत असं कुणीतरी असतंच. त्यांचं काम मॅच बघणं कमी आणि आपल्या गॅलरीकडं बघणं जास्त. कोण उठून कुंपणाकडं चाललाय, कुणाचा आवाज चढलाय, ते त्यांना आधी दिसतं.

टायब्रेकर झाला तर आपल्या पोराच्या किकच्या आधी शांत राहा. खरंच सांगतो, त्याला श्वास घेऊ दे. बॉल आत गेल्यावर काय करायचं ते सांगायला नको. आणि चुकला तर त्याचं नाव घेऊन टाळ्या. किक चुकवलेलं पोर मान खाली घालून सेंटरकडं चालत येत असतं, तेवढ्या चाळीस पावलांत त्याच्या कानावर आपल्या माणसांचा आवाज पडायला पाहिजे. तो पुढच्या सिझनला कसा खेळणार हे बऱ्याचदा त्या चाळीस पावलांवर ठरतं.

मॅच संपल्यावर लगेच पळायचं नाही. टीम आपल्याकडं येते, हात वर करते, तेवढा वेळ थांबा. बसलेल्या जागेचा कचरा गोळा करा, शाळेचं मैदान आहे, सुट्टी संपली की तिथं लहान पोरं खेळणार. मग वहीतली नावं वाचून माणसं मोजा आणि तेवढी माणसं गाडीत बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. कुणी म्हणालं की मी मित्राच्या गाडीतनं येतो, तर त्याच्या तोंडून ऐका, निरोपावर विश्वास नको. ड्रायव्हर जेवला का विचारा. त्याला चहा पाजा, त्याच्या शेजारी बोलका माणूस बसवा, मागं बाकीचे झोपले तरी चालतील. वेळ असेल तर बाजारातनं मिरची घ्या, गडहिंग्लजची जवारी मिरची घरी नेली की आई पुढच्या मॅचला सोडते. आणि हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका, टोल किती, डिझेल किती, चहा किती, उरले किती. उरलेले पैसे पुढच्या प्रवासाला ठेवले असं सगळ्यांना सांगून ठेवा. हिशोब लांबला की पुढच्या वेळी माणसं कमी होतात.

हे एकदा जमलं की बाकीची गावं सोपी. मिरज तर तासाभरावर, हातकणंगले-जयसिंगपूर करत पॅसेंजर रेल्वेनं जा, स्वस्त आणि सगळे एका डब्यात, गाडीची भानगडच नाही. बेळगाव हायवेनं सरळ, टिळकवाडीत लेले ग्राउंडवर फुटबॉल चालतं, तिथं मराठी बोलणारी माणसं भरपूर भेटतात आणि कोल्हापूरच्या तालमींची नावं पण त्यांना माहीत असतात. गोव्याला मात्र एका दिवसात जाऊन यायचा हट्ट करू नका. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी करत म्हापसा गाठायला पाच-सहा तास जातात, आंबोली घाटात धुकं असलं तर जास्तच, आणि म्हापशाच्या दुलेर स्टेडियमवर संध्याकाळची मॅच असेल तर मुक्काम करा, ड्रायव्हरला रात्री घाट चढायला लावू नका. गोव्याला जाताना दारूबंदीचा नियम दुप्पट कडक, का ते तुम्हाला कळतंय.

लांबच्या मॅचला सगळ्यांना जाणं जमत नाही हे मान्य. आपला अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपात भारताकडनं खेळला तेव्हा भारताच्या मॅचेस दिल्लीत होत्या, इथनं किती जण जाऊ शकणार. पण मुंबई जमू शकते. तिथल्या कूपरेज मैदानावर मॅच असेल तर रात्री सुटणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटी, तिथनं कूपरेज चालत जाण्याएवढं जवळ आहे. अडचण एकच, रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सुरू होतं आणि आपली टीम फायनलला गेली हे कळतं दोन दिवस आधी. तेव्हा सेमीफायनल जिंकली त्या रात्रीच वहीतली नावं, वयं आणि आधार नंबर दोन-तीन जणांच्या मोबाईलमध्ये भरून ठेवायचे आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी तात्काळला बसायचं, एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला. एकाच्या मोबाईलवर सगळ्यांची तिकिटं निघत नाहीत, एका तात्काळ तिकिटावर चारच माणसं बसतात, म्हणून चार-चारचे गट आदल्या रात्रीच पाडून ठेवा.